डेक्कन सर्व्हिस : असईच्या नावाची भांडी

लंडनमधील अॅप्सले हाऊस हा वेलिंग्टन घराण्याचा वाडा. तेथील संग्रहात पोर्तुगालने १८१६ साली नजर केलेला, सुमारे एक हजार नगांचा भोजनसंच पाहणाराचे डोळे दिपवितो. आम्हांस मात्र त्या घराण्याचा दुसरा एक लहान संच अधिक मोलाचा वाटतो. त्याचे नाव 'डेक्कन सर्व्हिस', म्हणजे दख्खनचा सरंजाम.

आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. हाताखालील अधिकाऱ्यांनी वर्गणी करून त्यास सोन्याचा कलश देण्याचे योजिले; पुढे त्याऐवजी सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची भांडी दिली. लंडनच्या जॉन एडवर्ड्सने ती घडविली. त्या काळची रीत अशी की, सोने पाऱ्यात कालवून चांदीवर लेपावयाचे आणि आचेवर पारा उडवून द्यावयाचा. त्या वाफेने कारागिरांचे देह पोखरले जात. ताटावरची झळाळी अशी महाग असे.

भांड्यांवर असईचे नाव आहे. त्या दिवशी इंग्रजांकडील सुमारे १,६०० माणसे मेली वा जखमी झाली. त्यांत निम्म्याहून अधिक एतद्देशीय शिपाई होते. नजराणा मात्र साहेबलोकांनी साहेबास दिलेला! असईचा धडा घेताना आम्ही शिंद्यांच्या तोफांबरोबर ह्या ताटांचीही हकीकत सांगतो. मुले त्या शिपायांची नावे विचारतात, आणि तेथे आम्हांस थांबावे लागते.