वऱ्हाडच्या वावरातील शाळा

वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात. जेथे माणसाचा नित्य वावर असतो ते वावर, अशी माझी आपली भाबडी समजूत आहे. भाषापंडितांनी ती हसण्यावारी न्यावी. शाळा आणि वावर या दोन जागा मात्र आपल्याकडे फार काळ एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मुलगा शिकला की वावरातून सुटला, असे आईबापांना वाटे, आणि त्यांचे चुकत होते असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? शेतीचे जे ज्ञान गेल्या दीडशे वर्षांत जगातून वऱ्हाडात आले, ते कोणत्या वाटेने आले आणि वावरापर्यंत पोचले की नाही, याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

जगाशी वऱ्हाडची पहिली गाठ कापसाने बांधली. १८५३ साली हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेनाशी झाली आणि साऱ्यांच्या नजरा आपल्या काळ्या मातीकडे वळल्या. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला आले. कापसासाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा स्वतंत्र कमिशनर नेमला गेला. बियाणे कोणते, धाग्याची लांबी किती, गाठीत भेसळ कशी ओळखावी, याचा बराच खटाटोप झाला. त्यालाही एक प्रकारचे शिक्षण म्हणता येईल. परंतु त्यातील परीक्षक मँचेस्टरला बसलेला होता आणि शेतकऱ्याला कोणी काही विचारले नव्हते. ज्वारीच्या वावरात कापूस शिरला. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले, तेव्हा कापसाने कोणाचे पोट भरले नाही. १९०१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

या दोन दुष्काळांच्या मधोमध, २७ डिसेंबर १८९८ रोजी, अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी एका शेतकऱ्याच्या घरी पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला. ते विलायतेत गेले, बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. एवढी विद्या पदरी पडल्यावर मुंबई-दिल्लीत नाव कमवावे, असा त्या काळचा रिवाज होता. पंजाबराव अमरावतीला परतले. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते उतरले, सर्व जातींच्या मुलांसाठी त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. शेतकऱ्याच्या मुलाने शिकण्यासाठी वावराला परके व्हावे लागू नये, ही त्यांच्या कामामागची तळमळ मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात कृषिमंत्री झाले. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज उभा केला आणि त्याच समाजाच्या वतीने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. शीतयुद्धाचे ते दिवस. एकमेकांकडे डोळे वटारून पाहणारी अमेरिका आणि सोव्हिएत रशिया ही दोन्ही राष्ट्रे एकाच मैदानात आपापली नांगर-यंत्रे मांडून बसली. अमेरिकेच्या दालनाचे उद्घाटन ११ डिसेंबर रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी स्वतः केले. पापळसारख्या खेड्यातून निघालेल्या माणसाने हे घडवून आणले, याचा वऱ्हाडाला अभिमान वाटावा हे योग्यच आहे. तरीही मला एक शंका छळते. प्रदर्शनात शेतकरी पाहुणा असतो. तो पाहतो, थक्क होतो, घरी येऊन शेजाऱ्यांना सांगतो. पण परदेशी यंत्र त्याच्या आठ एकरांत कसे चालावे हे त्याला तेथे कोणी शिकवीत नाही. पंजाबरावांना ही उणीव जाणवली नसेल असे नाही. म्हणूनच त्यांना शेतीच्या शिक्षणाची कायमची संस्था हवी होती.

ती पाहण्यास ते राहिले नाहीत. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. कृषी विद्यापीठ ही कल्पना आपल्याकडे अमेरिकेतून आली होती. तेथील राज्यांना विद्यापीठे काढण्यासाठी सरकारने जमिनी दिल्या होत्या आणि त्या विद्यापीठांनी अध्यापन, संशोधन व विस्तार ही तिन्ही कामे एका छपराखाली आणली होती. इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने १९६० साली पंतनगरला भारतातील पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रातील विद्यापीठ कोठे व्हावे यावरून वाद पेटला, आणि १९६७ साली ते अकोल्याला मिळावे म्हणून विदर्भातील लोक रस्त्यावर आले. गोळीबार झाला, माणसे मेली. शेतीच्या शाळेसाठी प्राण गेले, हे आमच्या आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. कोरडवाहू जमिनीत तग धरणारे देशी कापसाचे ‘एकेए ८४०१’ यासारखे वाण तेथून आले. हे काम लहान नव्हे.

परंतु ज्ञानाची दिशा तीच राहिली. वर प्रयोगशाळा, खाली शेतकरी. वरून शिफारस यायची, खाली अंमल व्हायचा. शिफारस उशिरा पोचली तर तिची जागा दुकानदार घेई. कोणत्या अळीवर कोणते औषध, हे गावात आजही बहुधा दुकानाच्या काउंटरवर ठरते.

ही दिशा उलटी करणारा प्रयोग झाला तो जावा बेटावर. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा प्रकोप होत होता. जितकी फवारणी अधिक, तितके तुडतुडे अधिक. फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी आधी मरतात, हे फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९८६ साली इंडोनेशियाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. बंदीने हात थांबतो, डोळा उघडत नाही. म्हणून १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने तेथे शेतकऱ्यांच्या शाळा भरू लागल्या. पीटर केनमोर हे त्या कामातील एक प्रमुख नाव. पंचवीस-तीस शेतकरी पेरणीपासून काढणीपर्यंत आठवड्यातून एकदा शेतात जमत. झाडे मोजत, पानांवरील किडी मोजत, मित्रकीटक कोणते आणि शत्रूकीटक कोणते ते ओळखत, मोठ्या कागदावर झाडाचे चित्र काढीत आणि मग फवारावे की नाही हे आपसात वाद घालून ठरवीत. शिक्षक उत्तर सांगत नसे, उलट प्रश्न विचारी. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविणारे एक वृद्ध धर्मगुरू याच पद्धतीने शिकवीत; तेव्हा त्यांचा राग येई.

जावातील ही शाळा नव्वदहून अधिक देशांत गेली. युरोपीय संघाच्या पैशाने १९९९ ते २००४ या काळात कापसासाठी भारत, चीन, पाकिस्तान, बांगलादेश, व्हिएतनाम आणि फिलिपीन्स या सहा देशांत तिचा कार्यक्रम चालला. भारत आणि पाकिस्तान एका वहीत आले ते बोंडअळीमुळे! आपल्या शासनाच्या कृषी खात्यात ती ‘शेतीशाळा’ या नावाने रुळली.

वऱ्हाडात मात्र मधली वर्षे फार कठीण गेली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पाहता पाहता देशी वाण मागे पडले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी घरे उजाड झाली. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत अमरावती व अकोला होते. त्या घरांतील काही दफनविधी आम्हीही केले आहेत. २०१७ च्या खरिपात तर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. डोक्यापर्यंत वाढलेली पऱ्हाटी, तोंडाला साधा रुमाल, एकात एक मिसळलेली औषधे. त्याच हंगामात आमच्या धर्मग्रामातील एका मजुराला भेटण्यास मी गेलो होतो. तो बचावला. त्याच्या मुलाने रिकामा डबा पुढे केला आणि म्हणाला, “फादर, वाचून सांगा बरं काय लिहेल हाय ते.” तीन भाषा शिकलेल्या मला चष्मा लावूनही ती बारीक अक्षरे लागेनात. लाल त्रिकोण तेवढा दिसला. तो अतितीव्र विषाची खूण आहे, हे त्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही ते नंतर विचारून कळले.

दोन वर्षांपूर्वीच, २०१५ साली, पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आले होते. त्याचे शेवटचे प्रकरण पर्यावरणाच्या शिक्षणाविषयी आहे. मी त्यावर प्रवचने दिली होती. त्या डब्याचा विचार त्यांत नव्हता.

२०१८ साली जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. बदलत्या हवामानात शेती कशी टिकवावी हा त्याचा विषय. अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाण पट्टा त्यात मुद्दाम घेतला गेला. या पट्ट्यात विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे. पिकाला द्यावे तर जमीन बिघडते. आकाशातून पडते तेवढेच गोड, म्हणून शेततळे आणि रुंद वरंबा-सरी यांना येथे मोल. गावोगावी शेतीशाळा भरविणे हा या प्रकल्पाचा एक भाग होता. कर्जाचे आकडे मोठे, फलक त्याहून मोठे, आणि काही गावांत शाळा फोटोपुरती भरली हेही कानी आले. फोटोत कागद असतो, त्यावर चित्र नसते.

एका गावी मात्र मी ती भरलेली पाहिली. लिंबाखाली ताडपत्री, मध्ये कागद, रंगीत खडू. पुरुष बोलत होते. कडेला बसलेल्या निंदणाऱ्या बायांना आधी कोणी बोलावले नव्हते. त्या सावलीसाठी आल्या होत्या. मावा किती, तुडतुडे किती, यावर पुरुषांचे जुळेना, तेव्हा त्यांतील एक म्हातारी उठली. तिने खडू घेतला आणि पानाच्या पाठीवर ढालकिड्याची पिवळी अंडी काढली. “हे पायलं का तुमी? हे खाते माव्याले. फवारान तं हेच मरीन आंधी.” कृषी सहायक तरुण होता, तो हसला आणि त्याने खडू तिच्याच हाती राहू दिला. त्या आठवड्यात त्या वावरात फवारणी झाली नाही.