मधमाश्यांचे डोलनृत्य
पोळ्यात परतलेल्या कामकरी मधमाशीने अन्नस्रोताची दिशा व अंतर कळविण्यासाठी केलेल्या लयबद्ध हालचाली (पहा : मधमाशी). ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फोन फ्रिश यांनी त्यांचा अर्थ उलगडला. त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. उभ्या पोळ्यावर नृत्यरेषेचा ऊर्ध्व रेषेशी होणारा कोन सूर्यसापेक्ष दिशा दर्शवितो. अंतरानुसार डोलण्याचा कालावधी वाढतो. फुलोरी मधमाशी मात्र पोळ्याच्या आडव्या माथ्यावर नाचते. दक्षिण भारतात आग्या, सातेरी व फुलोरी या जातींवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध संशोधनात प्रत्येकीचे अंतरदर्शक प्रमाण वेगळे आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अनुभवी नर्तकींविना वाढलेल्या माश्यांच्या दिशादर्शनातील चुका सरावाने कमी झाल्या. अंतराच्या चुका आयुष्यभर टिकल्या. त्यामुळे हे वर्तन निव्वळ उपजत मानता येत नाही (पहा : सहजप्रेरणा).