डोक्यावरचा घातांक

फळ्यावर दोनाचा तिसरा घात लिहिताना खडू आपसूक वर जातो. दोन लिहायचे आणि त्याच्या डोक्याशी बारीक तीन. संगणकाला मात्र ओळ सोडून असे वर जाता येत नव्हते. या एवढ्याशा अडचणीतून काय काय घडले, ते पाहण्यासारखे आहे.

१९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रॅन ही भाषा तयार केली. प्रोग्राम पंच कार्डांवर लिहिला जाई. तिथे अक्षरे एका ओळीत आणि चिन्हेही मोजकीच. गुणाकाराला एक चांदणी, मग घाताला दोन : २**३. पुढे अल्गोल ६० ने वर जाणारा बाण घेतला, १९६४ च्या बेसिकनेही तोच. १९६७ साली आस्की या चिन्हसंचात त्या बाणाच्या जागी टोपी (^) आली आणि घाताचे काम तिच्याकडे गेले.

तेवढ्यात १९७० च्या दशकात डेनिस रिची यांची सी भाषा आली. तिच्यात घाताला चिन्हच नाही, आणि टोपी दिली आहे द्विमान अंकांच्या एका वेगळ्याच क्रियेला. म्हणजे २^३ चे उत्तर बेसिकमध्ये ८, तर सीमध्ये १! यंत्र बहुधा कुरकुर करत नाही. चूक दाखवली असती तर बरे, पण ते मुकाट्याने दुसरेच उत्तर देते.

मॅट्रिक्सची गत याहून बिकट. आर्थर केली यांनी १८५८ साली मॅट्रिक्सचे बीजगणित मांडले, त्यात पहिल्याची ओळ दुसऱ्याच्या स्तंभाशी गुणायची. पण पुष्कळदा नुसते जागच्या जागी गुणणेही हवे असते. चिन्ह एक, कामे दोन. क्लीव्ह मोलर यांच्या मॅटलॅबमध्ये साधी चांदणी म्हणजे खरा मॅट्रिक्स-गुणाकार, जागच्या जागी गुणायचे तर आधी टिंब. पायथॉनच्या नमपायमध्ये साधी चांदणी जागच्या जागी गुणते. अखेर २०१४ साली नॅथॅनियल स्मिथ यांनी @ हे चिन्ह सुचवले आणि २०१५ च्या पायथॉन ३.५ मध्ये ते आले. मॅट्रिक्सच्या घातासाठी @@ हेही सुचवले होते. गरज फारशी नाही म्हणून ते वगळले.

पहिल्या ओळीत १, २ आणि दुसरीत ३, ४ असा मॅट्रिक्स घ्या. त्याचा खरा वर्ग ७, १० आणि १५, २२. जागच्या जागी केलात तर १, ४ आणि ९, १६. दोन्ही उत्तरे दिसायला सारखीच नीटनेटकी.

चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो. तो माणसांनी आपसात ठरवलेला असतो, आणि दर घरचा ठराव निराळा. म्हणून नव्या भाषेत मोठे गणित घालण्याआधी असे छोटे उदाहरण कागदावर सोडवून यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहावे. पाच मिनिटे जातील, पण पुढचा घोळ टळेल.