रिकाम्या पाठीचा अश्व

१/ आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुत्यास मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी माळशिरसच्या वाटेवर सदाशिवनगर-पुरंदवडे येथे गोल रिंगण होते. उत्तर-आधुनिक कादंबरीने उभा केलेला एक प्रश्न या रिंगणाच्या उजेडात निराळा दिसतो.

२/ ती कादंबरी म्हणजे डॉन डेलिलो यांची ‘व्हाइट नॉइज’ (१९८५). तिच्यात एक कोठार आहे. अमेरिकेत सर्वाधिक छायाचित्रे त्याचीच निघतात, एवढीच त्याची ख्याती. लोक येतात, छायाचित्रे काढतात. कोठार मात्र कोणालाच दिसत नाही. प्रतिमेने वस्तू गिळलेली असते.

३/ त्या जगात आपत्तीचा सराव घेणारे लोक खऱ्या आपत्तीलाही सरावाची संधी मानतात. प्राध्यापक जॅक ग्लॅडनी आणि पत्नी बॅबेट, दोघांनाही मृत्युभयाने ग्रासले आहे. ती भय घालवणारी गोळी चोरून घेते. तो खरेदीत धीर शोधतो. भय जात नाही.

४/ फ्रेंच विचारवंत झाँ बोद्रियार यांनी १९८१ मध्ये हीच अवस्था मांडली होती: खुणा एकमेकींच्याच आधाराने उभ्या राहतात आणि मागे मूळ वस्तू नाही, हे झाकले जाते.

५/ आता रिंगण. पालखीत असतात त्या पादुका, म्हणजे खूणच. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नसते. तो माउलींचा अश्व.

६/ माउलींनी १२९६ मध्ये समाधी घेतली. पाठ रिकामी आहे, हे लाखो डोळ्यांना दिसते आणि कोणी ते लपवत नाही. तरीही टापांखालची माती कपाळी लागते. ही खूण अभाव उघडा ठेवूनच श्रद्धेला जागा देते.

७/ एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावणाऱ्या आरफळच्या हैबतबाबांची समाधी आळंदीच्या महाद्वारात पायरीशी आहे. पंढरपुरात नामदेवांची पायरी आहे. मरणानंतरही संतांचे पाय लागावेत, ही त्यामागची आस. बॅबेटच्या गोळीपासून ती फार दूरची आहे.

८/ बाजार वारीलाही चुकलेला नाही. रिंगणाभोवती आज मोबाइल उंचावतात, जाहिरातींचे फलक लागतात. रिंगणाचेही कोठार होऊ शकते. अश्व गेल्यावर मात्र मोबाइल खिशात ठेवून मातीकडे वाकणारे हात अजून आहेत.