काटा खोटं बोलतो तेव्हा

जत्रेत पोरांच्या हाती कागदाची एक गुंडाळी असते. फुंकली की भसकन उलगडते, फुंकर थांबली की पुन्हा गुंडाळते. युद्धकाळातल्या जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारी एक तबकडी असते. तिच्या पोटात जवळजवळ हेच खेळणं आहे. फक्त ते धातूचं आहे.

ते तिथं आलं वाफेच्या इंजिनांमुळे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात बॉयलर फुटून माणसं दगावत. आतला दाब मोजायला पाऱ्याची उभी नळी वापरत. पण हवेच्या एका दाबाला पारा ७६ सेंटिमीटर चढतो. पाचपट दाब मोजायचा तर नळी जवळजवळ चार मीटर उंच हवी! धावत्या आगगाडीवर ती उभी करायची कुठे?

पॅरिसच्या युजेन बूर्दाँने १८४९ साली तोड काढली. हकीकत अशी सांगतात, की कारखान्यात वेटोळी नळी वळवताना ती चपटी झाली. पुन्हा गोल करावी म्हणून तिचं एक तोंड बंद करून आत दाबाने पाणी भरलं, तर नळी फुगता फुगता उलगडूही लागली. दुसऱ्या कुणी ती नळी भंगारात टाकली असती. याने तिच्या टोकाला काटा जोडला! १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं.

मोटारीत हा काटा लगेच आला नाही. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (१९०८ ते १९२७) तेल इंजिनात नुसतं उडत असे. दाबच नाही, तर मोजणार काय? पुढे पंपाने बेअरिंगपर्यंत तेल ढकलू लागले, तेव्हा एक बारीक नळी थेट तबकडीपर्यंत आणली गेली. १९४१ ते १९४५ या काळात बनलेल्या विलीज जीपमध्ये अशीच तबकडी होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजच्या जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली आणि पुढे साहेबाच्या दौऱ्यापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत जीप गावोगाव पोचली.

आता मुद्द्यावर येऊ. काटा खाली पडला, की “काटाच बिघडलाय, चालू द्या” असं म्हणणारा कुणीतरी भेटतोच. त्याचं म्हणणं खरं असेलही. पण खोटं निघालं, तर कोरडी बेअरिंगं काही मिनिटांत वितळतात आणि सगळं इंजिन उघडावं लागतं. म्हणून काटा शून्यावर गेला की आधी इंजिन बंद करा, मग वाद घाला.

डिपस्टिक काढून तेल पाहा. इंजिन बंद असूनही काटा वरच राहिला असेल, तर आतली नळी ताणून गेली किंवा दातेरी चक्र अडकलं. थंड इंजिनात तेल घट्ट असतं, दाब जास्त दिसतो, तापल्यावर उतरतो. दिवसभर काटा एकाच जागी खिळून असेल, तर संशय घ्यावाच. फार सावकाश हलत असेल, तर नळीत गाळ बसलेला असतो.

मग तबकडीमागचा नट सैल करा, खाली फडकं धरा, कॉइलची वायर काढून ठेवा आणि दुसऱ्याला काही सेकंद स्टार्टर मारायला सांगा. तेल आलंच नाही, तर नळी तुंबली आहे किंवा पंपच बसला आहे. तेल आलं, तर नळी मोकळी. पण दाब पुरेसा आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. इथंच पुष्कळ लोक फसतात. इंजिनावरच्या भोकात दुसरं, खात्रीचं मापक बसवा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. दोन्ही कमी, तर बिचारा काटा खरंच बोलत होता.

जाता जाता ती नळीही हाताने चाचपा. घासून तिला चीर गेली, तर इंजिनातलं तेल तिथूनच बाहेर पडतं.

शिक्षकमित्रांनी ती जत्रेतली गुंडाळी वर्गात जरूर न्यावी. मुलांना दाब कळायला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ती बरी.

नंतरच्या गाड्यांत नळी गेली, वायर आली. तिथे आधी वायरचं टोक आणि इंजिनावर बसवलेला दाबाचा स्विच किंवा सेन्सर तपासतात. तरीही शंका राहिली, तर गॅरेजवाले आजही इंजिनावर थेट मापक लावतात, आणि त्याच्या पोटात बहुधा बूर्दाँचीच नळी असते.