सेनायनमधली शेवटची पाच मिनिटं

रुमाल आहे ना जवळ? मानेवरचा घाम पुसून घ्या. ही जकार्ताची हवा, आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखी अंगाला चिकटणारी. आणि एक लक्षात ठेवा, इथे कुणी काही विचारलं तर नुसतं हसा. हिंदी नको, मराठी तर नकोच. आज ४ सप्टेंबर १९६२ आहे आणि या शहरात आपण भारतीय आहोत हे मोठ्यानं सांगण्याचे दिवस नाहीत.

तुम्ही इथे आलात ते एक ओळ वाचून. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते तशी : १९६२, आशियाई क्रीडास्पर्धा, फुटबॉल, सुवर्णपदक, भारत. त्या ओळीनंतर १९७० मध्ये बँकॉकला मिळालेलं कांस्यपदक येतं आणि तिथे तो रकाना संपतो. एवढ्याशा ओळीत काय दडलंय ते डोळ्यांनी पाहावं, म्हणून तुम्ही ही वाट चालून आलात. टीव्हीवर हा सामना भारतात कुणाला दिसणार नाही. आपल्याकडे टीव्ही आहे तो फक्त दिल्लीत, तोही प्रायोगिक. मुंबईला, कोलकात्याला, हैदराबादला बातमी कळेल ती आकाशवाणीवरून आणि उद्याच्या वर्तमानपत्रातून.

शहर बघत चला. सगळं नवंकोरं आहे, सिमेंटचा वास अजून गेलेला नाही. त्या चौकात उंच खांबावर हात उंचावून पाहुण्यांचं स्वागत करणारं जोडपं उभं आहे, समोर महिन्याभरापूर्वी उघडलेलं हॉटेल इंडोनेशिया. रस्त्यांची ती पाकळ्यांसारखी गुंफण याच स्पर्धेसाठी बांधलेली. इंडोनेशियाचा टीव्ही जन्माला आला तो उद्घाटनाच्या दिवशी, २४ ऑगस्टला. आणि हे सेनायनचं स्टेडियम! सोव्हिएत मदतीनं उभं राहिलेलं, वरती गोल कड्यासारखं फिरलेलं छप्पर, आत लाखभर माणसं. या लोकांकडे जरा मायेनं बघा. यांनी डच राजवट सोसली, जपानी ताबा सोसला, आणि आज सगळ्या आशियाला घरी जेवायला बोलावलंय. यजमानाचा अभिमान चेहऱ्याचेहऱ्यावर दिसतो.

मग हा राग कशाचा?

इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा दिला नाही. आशियाई क्रीडास्पर्धांची कल्पना ज्यांनी रुजवली ते आपले गुरुदत्त सोंधी उभे राहिले आणि म्हणाले की सभासद देशांना दाराबाहेर ठेवायचं असेल तर या मेळाव्याला आशियाई स्पर्धा हे नाव लावू नये. झालं. वर्तमानपत्रं पेटली, मोर्चे निघाले, सोंधींना शहर सोडावं लागलं. कालच, ३ तारखेला, जमाव भारतीय दूतावासावर चालून गेला आणि मोडतोड झाली. बारा वर्षांपूर्वी, २६ जानेवारी १९५० ला, आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते ते याच देशाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्णो. इतकी जवळीक होती, आणि आज तिरंगा दिसला की शिट्ट्या.

सोंधी बरोबर होते असं मला मनापासून वाटतं. ज्यानं घराचा पाया घातला त्याला नियमाची आठवण करून द्यायचा हक्क असतोच. पण त्या शब्दांची किंमत मोजायची वेळ आली ती आज मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांवर, ज्यांचा त्या वादाशी काही संबंध नाही.

तुम्ही सांगली-कोल्हापूरकडचे असाल तर तुमचं मन आधी कुस्तीकडे धावलं असेल. तिथे आपल्या माणसांनी याच दिवसांत मैदान मारलंय. कवठेपिरानचे मारुती माने फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेऊन बसलेत. गणपतराव आंदळकरांचं उलट, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. लाल मातीत घाम गाळलेले हे पैलवान गादीवर, आणि कमरेखाली हात लावायचा नाही अशा परक्या नियमांत, जिंकून गेले. तिकडे मिल्खासिंगनं चारशे मीटर मारलीय. हॉकीत मात्र पाकिस्ताननं अंतिम सामन्यात आपल्याला २-० नं हरवलं. ती हार अजून ओली आहे. पाकिस्तानी खेळाडूंची आठवण ठेवा, थोड्या वेळानं ते भेटतील.

संघ मैदानात येतोय.

आवाज ऐकलात? लाख माणसं एकदम ओरडतात तेव्हा तो आवाज कानात नाही, छातीत शिरतो. 'जन गण मन' सुरू झालंय, पण शिट्ट्यांखाली त्याचे सूर अर्धवट ऐकू येतात. तुम्ही उभे राहिलात, न ठरवता. शेजारचा माणूस तुमच्याकडे निरखून बघतोय. बघू द्या. खाली अकरा जण ताठ उभे आहेत.

त्यातला तो सडपातळ हाफ बघा, फोर्तुनातो फ्रँको. बार्देशातल्या कोलवाळचा, मुंबईत घडलेला, टाटांच्या संघाचा. त्याचा गोवा पोर्तुगिजांकडून सुटून नऊ महिनेसुद्धा झाले नाहीत. अजून गोव्यात कितीतरी घरांत कागदपत्रं पोर्तुगीजमधलीच असतील, आणि गावचा मुलगा इथे भारताचा निळा शर्ट घालून उभा आहे. मागच्या फळीत चंद्रशेखर, केरळातल्या इरिंजालकुड्याचा, पण खेळतो मुंबईत कॅलटेक्सकडून. पुढे कप्तान चुनी गोस्वामी, चोवीस वर्षांचा. उजव्या बाजूला पी. के. बॅनर्जी, आणि हैदराबादचा तुळशीदास बलराम. या तिघांची नावं कोलकात्यात एका श्वासात घेतात.

आता नीट बघा. सेंटर फॉरवर्डच्या जागी डोक्याला पट्टी बांधलेला तो शीख कोण? तो जर्नेलसिंग. त्याची जागा ही नव्हेच. तो आशियातला नामांकित स्टॉपर, बचावाची भिंत. थायलंडविरुद्ध डोकं फुटलं, टाके पडले. दुसऱ्या कुणी त्याला घरी बसवलं असतं. पण बाकावर बसलेल्या त्या गृहस्थांनी विचार केला की टाके पडलेल्या डोक्यानं मागे उभं राहून सतत उंच चेंडू परतवणं धोक्याचं, पण पुढे पाठवला तर हाच माणूस समोरच्या बचावाला घाम फोडेल. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याला पुढे खेळवलं, त्यानं गोल केला, आपण ३-२ नं जिंकलो.

आणि गोलमध्ये पीटर थंगराज. ताप आणि सर्दीनं तो आजारी होता, आधी प्रद्योत बर्मन गोल राखत होता. आज थंगराजला उभं केलंय, त्याच्या उंचीसाठी. कोरियाचे उंच चेंडू येणार, हे बाकावरच्या गृहस्थांना ठाऊक आहे.

ते गृहस्थ म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणतात. हैदराबादचे, मूळचे शाळामास्तर. मास्तर जसा वर्गातल्या प्रत्येक पोराची नस ओळखतो, तशी यांना खेळाडूची ओळखता येते. १९५१ ला दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तो संघ यांचा. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो, तोही यांचाच. भारतानं बूट घालून, चार बचावपटू मागे ठेवून, एका स्पर्शात चेंडू पुढे द्यायला शिकावं यासाठी हा माणूस बारा वर्षं झगडतोय. त्यांच्या शरीरात कर्करोग आहे. तुम्हाला ते माहीत आहे, म्हणून तुम्ही त्यांच्याकडे फार वेळ बघू शकत नाही.

काल रात्री त्यांनी मुलांकडे एक भेट मागितली. उद्या मला तुमच्याकडून एक तोहफा हवा, तुम्ही सोनं जिंका, एवढंच. हा प्रसंग ही मुलं म्हातारी होईपर्यंत सांगत राहणार आहेत.

शिटी झाली. समोर दक्षिण कोरिया, १९५६ आणि १९६० चा आशिया चषक जिंकलेला संघ. याच स्पर्धेत, पहिल्याच सामन्यात, त्यांनी आपल्याला २-० नं हरवलं होतं. नंतर आपण थायलंडला ४-१, जपानला २-० असं मागे सारत इथवर आलो. लाखभर माणसं आज कोरियाची झाली आहेत. आपल्या पायात चेंडू आला की हुर्यो, त्यांच्या पायात गेला की गजर.

पण त्या गजरातून एक वेगळा सूर येतोय. डावीकडे, उजवीकडे शोधा. हिरव्या कोटातली माणसं, तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवताहेत, आपल्या नावानं ओरडताहेत. ते पाकिस्तानचे हॉकीपटू आहेत! ज्यांनी आत्ताच आपल्याकडून सुवर्ण हिसकावलं, तेच एवढ्या मोठ्या वर्तुळात आपल्या बाजूनं गळा फोडताहेत. जर्नेलसिंगचं जन्मगाव लायलपूरकडचं. फाळणीत पोरवयात तो तिथून निघाला. आज त्याच्यासाठी जो आवाज उठतोय तो त्याच्या जन्मभूमीचाच आहे. याहून मोठं दृश्य मी तरी खेळाच्या मैदानावर कल्पू शकत नाही.

सतरावं मिनिट. चेंडू पी. के. बॅनर्जीकडे, आणि पुढच्या क्षणी जाळं हललं. १-० ! लाख माणसांचा आवाज मध्येच तुटतो, जसा कुणी रेडिओचा कान पिळावा. तुमच्या घशातून काहीतरी बाहेर पडू पाहतं, तुम्ही रुमाल तोंडात कोंबता. विसावं मिनिट. आता जर्नेल. पट्टी बांधलेला, दुसऱ्याच्या जागी खेळणारा जर्नेल, आणि २-०. तीन मिनिटांत दोन गोल. शेजारचा माणूस पुन्हा तुमच्याकडे बघतो. तुम्ही रडताय, हे तुमच्याही आत्ताच लक्षात आलंय.

मधला तासभर झरझर जातो. खरं तर तो बचावाचा तास आहे. अरुण घोष, चंद्रशेखर, त्रिलोकसिंग, प्रशांत सिन्हा. गोल करणाऱ्यांची नावं ओळीत राहतात, यांची राहत नाहीत. एकेक चेंडू छातीवर, पायावर, मांडीवर झेलून परतवताना यांना बघून घ्या, पुन्हा कुठे दिसणार नाहीत. बदली खेळाडू आणायची सोय या काळात नाही. जो उतरला त्यानं नव्वद मिनिटं काढायची, पाय दुखो की डोकं.

पंच्याऐंशीवं मिनिट. चा ते-सुंगचा गोल. २-१.

आणि स्टेडियम फुटतं. तुम्हाला निकाल पाठ आहे. ती ओळ तुमच्या खिशात आहे, छापील, पक्की. तरी तुमचे गुडघे लटपटताहेत. कारण खाली जे धावताहेत त्यांना ती ओळ माहीत नाही. त्यांच्यासाठी अजून काहीच ठरलेलं नाही. दमट हवेत अंगातलं पाणी आटलंय, कोरियाचे खेळाडू घोड्यांसारखे येताहेत, वरून लाख गळे त्यांना ढकलताहेत. तुम्ही घड्याळ बघता. काटा हलत नाही. चेंडू पुन्हा उंच उडतो, आपल्या गोलसमोर, आणि गर्दीतून दोन लांब हात वर जातात. कालपरवापर्यंत अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हात. ही उंची मोजूनच रहीमसाहेबांनी त्याला उभं केलं होतं. तुम्ही बाकाकडे बघता, पण मध्ये माणसं उभी राहिल्यानं काही दिसत नाही.

मग ती शिटी होते.

इतक्या माणसांची शांतता तुम्ही कधी ऐकली नव्हती. मघाशी छातीत शिरलेला तो आवाज कुठेच नाही. लोक उठताहेत, छत्र्या, टोप्या गोळा करताहेत, जिन्याकडे निघालेत. शेजारचा माणूस जाता जाता थांबतो, तुमच्या खांद्यावर हात ठेवतो, काहीतरी म्हणतो. त्याची भाषा तुम्हाला कळत नाही, पण तो रागावलेला नाही. तो घरी चाललाय, आणि त्याच्या देशानं बारा दिवस साऱ्या आशियाची उठबस केलीय. तुम्ही रुमाल बाहेर काढता आणि मान लववता.

तुम्हीही परत जायला हवं. पण थोडं थांबा, पदकं द्यायची आहेत. फ्रँकोला मिळेल, पुढे त्याचं म्हातारपण गोव्यात जाईल, २०२१ पर्यंत तो हे सोनं सांभाळेल. जर्नेलला मिळेल, थंगराजला मिळेल, चुनीला, बलरामला मिळेल. प्रशिक्षकाला पदक द्यायची पद्धत नाही. ज्यांनी ही भेट मागितली होती ते आपल्या मुलांकडे बघत बाजूला आहेत, हात रिकामे.

तारीख तुमच्या डोक्यात आहे : ११ जून १९६३. न ठरवता तुमचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. खाली कुणीतरी हसतं, मोठ्यानं, थकून हसतात तसं, आणि तुम्ही मूठ मिटून घेता.