वर्षभरानंतरचं वजन

1950 साली न्यू जर्सीचे प्लास्टिक सर्जन लिंडन पीअर यांनी एक अगदी साधं काम केलं. रुग्णाच्या अंगात चरबीचे तुकडे बसवण्याआधी त्यांनी ते तोलले आणि वर्ष उलटून गेल्यावर बाहेर काढून पुन्हा तोलले. अक्रोडाएवढ्या तुकड्याचं वजन सुमारे 45 टक्क्यांनी घटलेलं निघालं. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त चरबी टिकते, बाकीची विरते. त्याआधी पन्नासेक वर्षं सर्जन मंडळी चरबी लावत होती, पण बहुतेकांची भिस्त नजरेच्या अंदाजावर होती. पीअर यांनी तराजू आणला. चरबीतल्या मूळपेशींबद्दल आज जे काही बोललं जातं, ते ऐकताना मला आधी तो तराजू आठवतो.

मी प्लास्टिक सर्जन. नोकरीची बरीच वर्षं सरकारी रुग्णालयातल्या जळीत कक्षात गेली, त्यामुळे चरबीशी माझा संबंध सौंदर्यापेक्षा व्रणांमुळे जास्त आला. या विद्येची सुरुवातही व्रणापासूनच झाली. 1893 मध्ये जर्मनीत गुस्टाव नॉयबर यांनी हाडाच्या संसर्गानंतर डोळ्याजवळ खोल ओढला गेलेला व्रण वर उचलण्यासाठी रुग्णाच्याच हातावरची चरबी तिथे बसवली. तुकडे बदामापेक्षा मोठे असले तर निकाल चांगला येत नाही, हे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं. दोन वर्षांनी हायडेलबर्गला विन्सेंट्स चेर्नी यांनी स्तनातली गाठ काढल्यावर झालेली पोकळी त्याच बाईच्या पाठीकडच्या चरबीच्या गाठीने भरून काढली.

मग पॅराफिन आलं. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी 1899 च्या सुमारास ते टोचायला सुरुवात केली. सुईने भरता येतं आणि विरत नाही, म्हणून पुष्कळ सर्जन तिकडे वळले. पुढे त्याच्या गाठी झाल्या, ते जागेवरून सरकलं, कातडी फोडून बाहेर आलं. चरबी विरते हा तिचा दोष खरा, पण ती आपली असते, शरीर तिला परकं मानत नाही. पॅराफिनने कितीतरी चेहरे कायमचे बिघडले आणि सर्जन पुन्हा चरबीकडे आले.

लावलेल्या चरबीचं आत नेमकं होतं काय, यावर मात्र एकमत नव्हतं. 1923 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरल्ड न्यूहॉफ यांनी मांडलं, की ती मरते आणि तिच्या जागी रुग्णाच्या शरीरातल्या इतर पेशी नवी चरबी तयार करतात. पीअर यांनी तराजूच्या आधारे उलट सांगितलं: लावलेल्या पेशींतल्याच काही जगतात, त्याच शेवटपर्यंत राहतात. दोघांनाही जी तिसरी पेशी ठाऊक नव्हती, ती पुढे एका वेगळ्याच कामातून हाती आली.

मार्टिन रॉडबेल हे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधले जीवरसायनशास्त्रज्ञ. संप्रेरकांचा चरबीवर परिणाम कसा होतो, हे त्यांना पाहायचं होतं आणि त्यासाठी सुट्या चरबीपेशी हव्या होत्या. 1964 मध्ये त्यांनी उंदराच्या चरबीचे बारीक तुकडे कोलॅजिनेज या विकरात घालून शरीराच्या तापमानाला हलवत ठेवले. पेशींना बांधून ठेवणारं जाळं विरघळलं. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली तेव्हा चरबीपेशी हलक्या म्हणून वर तरंगल्या आणि तळाशी थोडासा गाळ बसला. त्यात रक्तवाहिन्यांच्या पेशी होत्या, रक्तपेशी होत्या, आधारऊतीच्या पेशी होत्या. रॉडबेल यांना वरचा थर हवा होता. त्या कामाची वाट पुढे जी-प्रथिनांपर्यंत गेली आणि 1994 चं नोबेल त्यांना आल्फ्रेड गिलमन यांच्यासोबत मिळालं. गाळ मात्र पुढची बरीच वर्षं मोजक्या प्रयोगशाळांपुरता राहिला.

तोवर चरबी मुबलक मिळू लागली होती. रोममध्ये फिशर पितापुत्रांनी ती खेचून काढण्याची साधनं बनवली आणि 1977 मध्ये पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट नळीची पद्धत बसवली. कारण साधंच होतं. पाठीवरची चरबीची गाठ मोठा व्रण न ठेवता काढायची होती. मी शिकत होते तेव्हा लायपोसक्शनची बाटली भरली, की सिस्टर आकडा लिहून घेत आणि मावशी बाटली कचऱ्यात रिकामी करत. पुढे जैव-कचऱ्याचे नियम आले आणि चरबी पिवळ्या पिशवीत जाऊ लागली. तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहावं, असं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

पिट्सबर्ग आणि लॉस एंजेलिसच्या काही जणांनी तसं पाहिलं. 2001 च्या एप्रिलमध्ये पॅट्रिशिया झुक, अ‍ॅडम कॅट्झ, मार्क हेड्रिक आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. लायपोसक्शनमधून निघालेल्या चरबीवर त्यांनी रॉडबेलचीच कृती केली, पण वरचा थर टाकून गाळ ठेवला. त्यातल्या ज्या पेशी डिशला चिकटल्या, त्या वाढवल्या आणि वेगवेगळ्या द्रावणांत ठेवल्या, तेव्हा त्यांपासून हाड, कूर्चा, स्नायू आणि चरबी यांची लक्षणं दाखवणाऱ्या पेशी तयार झाल्या. अस्थिमज्जेसाठी कमरेच्या हाडात सुई खुपसावी लागते आणि हाती पेशी थोड्या येतात. इथे पोटावरच्या चरबीत त्या कितीतरी पट अधिक होत्या. शोध कुणाचा, यावर पिट्सबर्ग विद्यापीठ न्यायालयात गेलं आणि 2009 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने पेटंटवर कॅट्झ आणि रामोन युल हेच शोधक ठरवले.

न्यूहॉफ आणि पीअर यांच्या वादाचा निकाल टोकियोत लागला. कोतारो योशिमुरा यांच्या गटाने 2012 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की बसवलेल्या चरबीच्या अगदी बाहेरच्या थरातल्याच चरबीपेशी जगतात. तो थर एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ असतो. त्याच्या आतल्या पट्ट्यात चरबीपेशी काही दिवसांत मरतात, पण मूळपेशी कमी प्राणवायूत तग धरतात आणि त्यांच्यापासून नव्या चरबीपेशी होतात. मध्यभागी कुणीच वाचत नाही. म्हणजे दोघंही अर्धे बरोबर होते. नॉयबर यांनी लहान तुकड्यांचा आग्रह का धरला, हेही कळलं.

आता टेबलावर काय होतं ते सांगते. स्टोव्हच्या भडक्यात गाल आणि मान भाजलेली मुलगी. जखम भरून दोन वर्षं झालेली, पण कातडी खालच्या ऊतीला घट्ट चिकटलेली, मान पूर्ण वळत नाही. पोटात सलाईन, भूल आणि अ‍ॅड्रिनलीन भरून थांबायचं, मग दहा मिलिलिटरच्या सिरिंजने हाताने हळूच चरबी ओढायची. सिरिंज उभी ठेवली की तीन थर दिसू लागतात: खाली लालसर पाणी, मध्ये पिवळी दाणेदार चरबी आणि वर रश्श्यावरच्या तवंगासारखं फुटक्या पेशींचं तेल. पाणी सोडून द्यायचं, तेल टिपून घ्यायचं. मधली चरबी एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरायची. बोथट कॅन्युला व्रणाखाली सरकवताना धागे तुटल्याचं बोटांना जाणवतं. चरबी आत जाताना सोडायची नाही, कॅन्युला मागे घेताना सोडायची, थेंबथेंब, प्रत्येक वेळी नव्या वाटेने. ही शिस्त न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी घालून दिली. काही महिन्यांनी ती मुलगी आली तेव्हा गालाची कातडी चिमटीत धरता येत होती. व्रण गेला नव्हता, मऊ झाला होता. मिलानच्या मार्को क्लिंगर यांनी 2008 मध्ये भाजलेल्या चेहऱ्याच्या तीन रुग्णांत असाच बदल नोंदवला, आणि वेरोनाच्या जीनो रिगोत्ती यांनी त्याच्या आदल्या वर्षी किरणोपचाराने करपलेल्या छातीच्या 20 रुग्णांत. यातलं किती श्रेय मूळपेशींचं आणि किती नुसत्या भरावाचं, हे वेगळं काढणं सोपं नाही. पण मान वळते.

नुसत्या पेशी काढून देण्याचा इतिहास याहून अवघड आहे. 2004 मध्ये जर्मनीत गीसेनच्या डॉक्टरांनी कवटीचं हाड गमावलेल्या सात वर्षांच्या मुलीवर तिच्याच चरबीतल्या पेशी आणि कमरेच्या हाडाचा चुरा एकत्र वापरला. तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये नवं हाड दिसलं. मुलीचं भलं झालं, पण हाड चुऱ्यामुळे आलं की पेशींमुळे, हे एका रुग्णावरून कसं ठरवणार?

माद्रिदच्या दामियान गार्सिया-ओल्मो यांनी ही परीक्षा शेवटपर्यंत नेली, म्हणून मला त्यांच्याबद्दल विशेष आदर आहे. क्रोन्सच्या आजारात होणारं भगंदर पुन्हा पुन्हा वाहतं, रुग्ण शस्त्रक्रियांनी थकून जातो. तिथे त्यांनी चरबीतल्या मूळपेशी टोचायला सुरुवात केली. 2016 मध्ये लॅन्सेटमध्ये 212 रुग्णांची चाचणी छापून आली. दात्याच्या 12 कोटी पेशी टोचलेल्यांपैकी सुमारे 50 टक्के रुग्ण 24 आठवड्यांनी बरे होते, तर पेशी न दिलेल्यांपैकी सुमारे 34 टक्के. युरोपने 2018 मध्ये हे औषध म्हणून मंजूर केलं. मग अधिक मोठी चाचणी झाली, 2023 मध्ये तिचा निकाल आला, आणि पेशी दिलेले व न दिलेले यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. डिसेंबर 2024 मध्ये ते औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. काहींना हा पराभव वाटला. मला यात पीअर यांचाच तराजू दिसतो: आधी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि आकडा कमी भरला तेव्हा तो झाकला नाही.

जिथे मोजलं गेलं नाही, तिथे काय झालं तेही लिहून ठेवायला हवं. फ्लोरिडात 2015 मध्ये मॅक्युलाच्या आजाराच्या तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी म्हणून इंजेक्शनं दिली गेली. त्यासाठी 5,000 डॉलर घेतले. काही दिवसांत तिघींची दृष्टी गेली. 2017 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये हे प्रसिद्ध झालं.

आपल्याकडे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मूळपेशी-रोपण वगळता बाकीचा मूळपेशींचा वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा, चाचणीबाहेर केला तर तो गैरव्यवहार ठरतो. तरीही गुडघा, केस, मधुमेह, मुलांचा स्वमग्नपणा अशा सगळ्यांवर एकच चरबी चालते असं सांगणाऱ्या जाहिराती माझे रुग्ण मोबाईलवर दाखवतात. घरची जमीन विकून पैसे भरायला निघालेली माणसं मी समोर बसवून घेतली आहेत आणि मला त्यांचा राग कधीच आला नाही. ज्याचं मूल बोलत नाही, तो कुठेही जाईल.

तेव्हा कुणी तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना चरबीतल्या मूळपेशी सुचवल्या, तर तीन गोष्टी विचारा. ही चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदलेली आहे का, असेल तर तिचा क्रमांक काय? पेशींचे पैसे माझ्याकडून का घेता? आणि आधीच्या रुग्णांचं वर्षभरानंतर काय झालं, त्याचा आकडा कुठे छापलाय? उत्तर कागदावर मिळालं नाही, तर पैसे भरू नका.